एका खाटेभोवती : मुंबईच्या रुग्णसेवेतील सहाध्ययनाचा इतिहास

मुंबईच्या वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास लिहावयास घेतला की लेखणी प्रथम भायखळ्याकडे आणि मग परळकडे वळते. १८४५ साली भायखळ्यास ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय सुरू झाले. १९२५-२६ च्या सुमारास परळला शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडून के. ई. एम. रुग्णालय उभे राहिले. १९४१ मध्ये त्याच परळात टाटा स्मारक रुग्णालयाची दारे कर्करोगाच्या रुग्णांसाठी उघडली. या संस्थांच्या इमारती, त्यांचे दाते आणि त्यांतून बाहेर पडलेले नामांकित धन्वंतरी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु रुग्णाच्या खाटेपाशी डॉक्टर एकटाच उभा नसतो. तेथे परिचारिका असते. लुळ्या स्नायूंना व्यायाम देणारा भौतिकोपचारतज्ज्ञ असतो, हाताला पुन्हा काम शिकविणारा व्यवसायोपचारतज्ज्ञ असतो, मापाचे कॅलिपर घडविणारा कारागीर असतो, आणि रुग्णाच्या घरी चूल पेटते की नाही याची विचारपूस करणारा समाजसेवकही असतो. ही मंडळी एकमेकांकडून काय शिकली, कोठे शिकली आणि कोठे शिकावयाची राहून गेली, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा मागोवा घ्यावयाचा आहे.

पाश्चात्त्य देशांत आता ही शिक्षणाची एक स्वतंत्र शाखाच झाली आहे. निरनिराळ्या व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांसोबत, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकावे, म्हणजे पुढे रुग्णाची सेवा अधिक चांगली होते, असे तिचे थोडक्यात म्हणणे आहे. इंग्लंडमध्ये १९८७ साली या कामासाठी एक खास केंद्र स्थापन झाले आणि १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्यासाठी एकत्र शिकण्याच्या विषयावर आपला अहवाल प्रसिद्ध केला. हे वाचून कोणाला वाटेल की कल्पना परदेशची आणि अलीकडची आहे. शब्द अलीकडचा असेल. गरज मात्र आपल्या शहराला फार पूर्वीच, आणि मोठी किंमत देऊन, कळली होती.

ती किंमत प्लेगच्या साथीत मोजावी लागली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक संनिपाताचे पहिले रोगी ओळखले. थोड्याच आठवड्यांत शहरातून माणसांचे लोंढे बाहेर पडू लागले. सरकारपाशी त्या वेळच्या मानाने डॉक्टर होते, अधिकारी होते, लष्करही होते. घरोघर शिरून रोगी शोधावयाचे, त्यांना उचलून रुग्णालयात न्यावयाचे, घरातील इतरांना छावणीत ठेवावयाचे, घर धुऊन काढावयाचे, असा एकूण क्रम होता. रोगाच्या दृष्टीने त्यात काही तथ्य होते. परंतु माणसांच्या दृष्टीने विचार करणारे त्या पथकांत कोणी नव्हते. रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, ही समजूत चाळीचाळीतून पसरली. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर (आजचे कस्तुरबा रुग्णालय) चाल केली. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातील मुसलमान विणकरांच्या वस्तीत शोधपथक आले आणि घरातील मुलीला नेण्यावरून जो विरोध झाला त्याचे पर्यवसान दंगलीत झाले. परक्या पुरुषांनी घरात शिरून बायका-मुलींना तपासावे, ही गोष्ट त्या वस्तीत काय अर्थाने घेतली जाईल, हे सांगणारा एक माणूस पथकाबरोबर असता तर काय झाले असते, हा प्रश्न आज विचारावयास सोपा आहे. त्या वेळी तो विचारणारी विद्याच नव्हती.

त्याच साथीची दुसरी बाजूही ध्यानात घेण्याजोगी आहे. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. एवढ्याने लोकांचा विश्वास बसला असे नाही. तरुण आगाखान, सर सुलतान महंमद शाह यांनी आपल्या अनुयायांसमोर उघडपणे ती लस टोचून घेतली आणि हाफकिन यांच्या प्रयोगशाळेस माझगावची आपली जागाही वापरण्यास दिली, तेव्हा त्या समाजात लसीचा मार्ग मोकळा झाला. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था. औषध प्रयोगशाळेत तयार होते, पण ते दंडात उतरण्यासाठी वस्तीचा माणूस लागतो, हा धडा त्या साथीत मिळाला खरा. तो अभ्यासक्रमात यावयास मात्र चाळीस वर्षे जावी लागली.

या चाळीस वर्षांत काहीच घडले नाही असे नव्हे. १९११ साली ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. गिरणगावात रात्रीच्या शाळा, वाचनालये, दवाखाने असे तिचे काम पसरले. समाजसेवा ही केवळ दयाबुद्धीने करावयाची गोष्ट नसून ती शिकावी लागते, ही जाणीव लीगच्या मंडळींना होती व त्यांनी कार्यकर्त्यांसाठी अल्प मुदतीचे वर्गही चालविले. तिकडे लंडनमध्ये १८९५ साली रॉयल फ्री रुग्णालयाने मेरी स्टुअर्ट या बाईंची नेमणूक केली होती. रुग्णाची घरची परिस्थिती पाहावयाची आणि त्याप्रमाणे त्याची व्यवस्था लावावयाची, हे त्यांचे काम. १९०५ मध्ये बोस्टन येथे डॉ. रिचर्ड कॅबट यांनी आपल्या बाह्यरुग्ण विभागात समाजसेवकांना जागा दिली. औषध लिहून दिलेला रोगी पुन्हा तोच आजार घेऊन परत येतो, याचे कारण औषधात नसून घरात आहे, हे या डॉक्टराच्या लक्षात आले होते.

आपल्याकडे ही विद्या रीतसर रुजली ती नागपाड्यात. नागपाडा आपणांपैकी अनेकांच्या परिचयाचा आहे. मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, हिंदू अशी सर्वांची दाट वस्ती, गिरण्या आणि गोदी दोन्ही जवळ, आणि गरिबी सर्वांना सारखी. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२६ मध्ये तेथे नागपाडा नेबरहूड हाउस सुरू केले. दहा वर्षे या वस्तीत काम केल्यावर त्यांची खात्री पटली की हिंदुस्थानातील समाजसेवकांना हिंदुस्थानातील परिस्थितीवर आधारलेले शिक्षण हवे. सर दोराबजी टाटा ट्रस्टने ती कल्पना उचलून धरली आणि १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क नागपाड्यातच सुरू झाले. पुढे १९४४ मध्ये तिचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था असे झाले.

एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. ही शाळा एखाद्या निवांत उपनगरात न निघता वस्तीच्या मध्यावर निघाली. जे. जे. रुग्णालय तेथून हाकेच्या अंतरावर. वर्गात कुटुंबव्यवस्थेवर व्याख्यान ऐकावयाचे आणि खाली उतरून गल्लीत त्याच कुटुंबाला भेटावयाचे, अशी सोय होती. १९३७ मध्ये संस्थेने बालमार्गदर्शन चिकित्सालय सुरू केले. आपल्या देशातील हा पहिलाच असा प्रयत्न मानला जातो. अशा चिकित्सालयाची रचनाच मुळी तिघांवर उभी असते: मुलाच्या मनाचा वैद्य, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक. मूल शाळेत चोरी करते किंवा अंथरूण ओले करते, एवढी तक्रार घेऊन आई येते. वैद्य शरीर तपासतो, मानसशास्त्रज्ञ बुद्धी व स्वभाव अजमावतो, समाजसेवक घर पाहून येतो. आणि मग तिघे एका टेबलाशी बसून एकच निष्कर्ष काढतात. तिघांनी तीन चिठ्ठ्या लिहून आईच्या हाती दिल्या तर ते चिकित्सालय नव्हे. पुढच्या साऱ्या गोष्टीचे बीज या टेबलात आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९४६ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवावे. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आपला अहवाल याच वर्षी सादर केला आणि रुग्णालयांत प्रशिक्षित समाजसेवक असावेत हा विचार सरकारी कागदावर आला. त्याच वर्षी जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. हिंदुस्थानातील ती पहिली. दोनच वर्षांनी टाटा संस्थेत वैद्यकीय व मनोवैद्यकीय समाजकार्याचे स्वतंत्र शिक्षण सुरू झाले आणि डॉ. गौरीरानी बॅनर्जी यांनी ते अनेक वर्षे समर्थपणे सांभाळले. कागदोपत्री टेबल मांडले गेले होते. पण त्याभोवती सर्वांना खऱ्या अर्थाने बसविले ते एका आईने.

फातिमा इस्माईल यांचे नाव आजच्या तरुण पिढीला ठाऊक असेलच असे नाही. १९०३ मध्ये मुंबईच्या सोबानी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांचे बंधू उमर सोबानी हे गिरणीमालक आणि गांधीजींचे निष्ठावान सहकारी. ३१ जुलै १९२१ रोजी परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात परदेशी कापडाची जी प्रसिद्ध होळी झाली ती याच उमर सोबानींच्या जागेत. कापडाचा व्यवसाय करणाऱ्याने कापडाच्या होळीस आपले अंगण द्यावे, अशा घरातील ही मुलगी. स्वातंत्र्यलढ्यात आणि स्त्रियांच्या चळवळीत त्यांनी भाग घेतला. १९४५ च्या आसपास त्यांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला.

पोलिओ म्हणजे काय हे आजच्या आईबापांना सांगावे लागते, ही खरे तर समाधानाची गोष्ट आहे. दूषित पाण्यातून व अन्नातून पोटात जाणारा हा विषाणू काही थोड्या मुलांत मज्जारज्जूतील स्नायू हलविणाऱ्या पेशींवर आघात करतो. रात्री ताप येतो आणि दोनचार दिवसांत हात किंवा पाय लुळा पडतो. स्पर्श कळतो, वेदना कळते, पण पाय उचलत नाही. मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत करणारे औषध तेव्हा नव्हते आणि आजही नाही. जे करावयाचे ते उरलेल्या स्नायूंचे: त्यांना बळ आणावयाचे, सांधे आखडू द्यावयाचे नाहीत, गरज पडल्यास शस्त्रक्रियेने स्नायुबंध एका जागेवरून दुसऱ्या जागी जोडावयाचा, आणि कॅलिपर बांधून मूल उभे करावयाचे. हे काम महिन्यांचे नव्हे, वर्षांचे असते. त्या काळी अनेक घरांतून मुलाला तेलमालीश करीत कोपऱ्यात बसविले जाई आणि दैवाला बोल लावला जाई.

फातिमाबाईंनी दैवाला बोल लावला नाही. त्या मुलीला घेऊन मद्रासला डॉ. एम. जी. किणी या अस्थिशल्यविशारदांकडे गेल्या आणि तेथे राहून उपचार करून घेतले. मुलीत सुधारणा झाली. अशा उपचारात आईला पुष्कळसे स्वतःच शिकावे लागते, कारण दिवसातून अनेक वेळा करावयाचा व्यायाम कोणी बाहेरचा येऊन करून देत नाही. कोणता स्नायू किती उचलतो, आज कालच्यापेक्षा काय फरक पडला, हे आईच्या बोटांना कळू लागते. हा अनुभव पदरी घेऊन त्या मुंबईस परतल्या आणि आपल्या मुलीपुरते न पाहता त्यांनी १९४७ साली अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था स्थापन केली. (त्या काळी सर्रास अपंग हाच शब्द वापरीत, आज आपण दिव्यांग म्हणतो. संस्थांची व काळाची भाषा म्हणून येथे जुना शब्द ठेवला आहे.) ख्यातनाम शल्यविशारद डॉ. ए. व्ही. बाळिगा यांनी चौपाटीजवळील आपली जागा दिली आणि गिरगावच्या समुद्रकाठी हा छोटासा दवाखाना सुरू झाला. फाळणीचे ते वर्ष. माणसे एकमेकांची नावे विचारून मग बोलत होती. अशा वर्षी एका मुसलमान बाईने मागावी, एका हिंदू डॉक्टराने जागा द्यावी आणि सर्व धर्मांची मुले तेथे यावीत, याची नोंद इतिहासाने ठेवावयास हवी.

जागा लौकरच अपुरी पडली. दवाखाना मरीन लाइन्स येथील लष्कराच्या रिकाम्या बराकींत गेला आणि १९५० नंतरच्या पहिल्या वर्षांत हाजीअली येथे मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले. १९५४ साली फातिमाबाईंनी अपंग प्रौढांना रोजगार मिळावा म्हणून फेलोशिप ऑफ द फिजिकली हँडिकॅप्ड ही दुसरी संस्था काढली. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९७८ मध्ये त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या, आणि १९८७ साली त्यांचे निधन झाले. त्या डॉक्टर नव्हत्या, परिचारिका नव्हत्या, समाजकार्याची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. कदाचित म्हणूनच कोणत्याही एका व्यवसायाची कुंपणे त्यांना दिसली नसावीत.

आता थोडे थांबून, अशा एका मुलाच्या निमित्ताने किती हातांना एकत्र यावे लागते ते पाहू. समजा, लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे पाच वर्षांचे मूल आहे. उजवा पाय लुळा. शल्यविशारद पाय तपासतो आणि मांडीपासून टाचेपर्यंतचे कॅलिपर लिहून देतो. भौतिकोपचारतज्ज्ञ प्रत्येक स्नायूला शून्य ते पाच असे गुण देऊन तक्ता भरतो. शून्य म्हणजे हालचालच नाही, पाच म्हणजे पूर्ण जोर. कारागीर लोखंडी पट्ट्या वाकवितो, चामड्याचे पट्टे शिवतो, खाली बूट जोडतो, गुडघ्यापाशी कडी ठेवतो. कडी लावली की पाय ताठ राहतो आणि मूल उभे राहते. रुग्णालयातील गुळगुळीत फरशीवर, दोन समांतर दांड्यांना धरून मूल चार पावले टाकते. सर्वांना आनंद होतो. मूल घरी जाते. तीन महिन्यांनी ते परत येते तेव्हा कॅलिपर पायात नसते. आईने ते कापडात गुंडाळून खाटेखाली ठेवलेले असते.

डॉक्टर रागावतो. आई खाली मान घालते. आता घर पाहून आलेल्या समाजसेविकेला विचारा. खोली दहा बाय दहाची, राहणारी माणसे आठ. जेवण जमिनीवर मांडी घालून. ताठ पायाने मांडी घालता येत नाही. शौचकूप गॅलरीच्या टोकाला, सर्वांना मिळून, आणि तेथे उकिडवे बसावे लागते. कडी लावलेल्या पायाने उकिडवे बसता येत नाही, आणि कडी काढावयाची तर पाच वर्षांच्या मुलाच्या बोटांत तेवढा जोर नाही. आई सकाळच्या पाण्याच्या रांगेत, बाप पहिल्या पाळीला. लाकडी जिना अरुंद. पावसाळ्यात चामडे भिजते, कुजते आणि पायाला जखम करते. शिवाय मूल वाढते, कॅलिपर वाढत नाही. काही महिन्यांत ते आखूड पडते आणि नवे करावयाचे तर पैसे लागतात.

यांतील एकही गोष्ट वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात नव्हती. आणि यांतील प्रत्येक गोष्टीवर उपाय मात्र दुसऱ्याच कोणापाशी होता. कडी सैल, मोठी, मुलाच्या बोटाने उघडेल अशी करणे कारागिराच्या हाती. जिना चढण्याचा सराव समांतर दांड्यांऐवजी खऱ्या पायऱ्यांवर घेणे भौतिकोपचारतज्ज्ञाच्या हाती. बसण्यासाठी बुटकी चौरंगी आणि शौचास आधाराची खुर्ची सुचविणे व्यवसायोपचारतज्ज्ञाच्या हाती. जखम होण्याआधी चामड्याखालची लाल झालेली कातडी ओळखणे आईला परिचारिकेने शिकवावयाचे. नव्या कॅलिपरसाठी धर्मादाय निधी मिळवून देणे समाजसेविकेच्या हाती. पण समाजसेविकेने पाहिलेला शौचकूप कारागिराच्या कानापर्यंत पोहोचला तरच हे घडते. नाही तर प्रत्येकजण आपापले काम चोख करतो आणि मूल खाटेवरच राहते.

येथे ऑस्ट्रेलियातील एलिझाबेथ केनी या परिचारिकेची हकिगत आठवते. पोलिओचे पाय महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये जखडून ठेवावेत, असा त्या काळच्या डॉक्टरांचा दंडक होता. केनीबाई दूरच्या खेड्यांत काम करणाऱ्या. त्या लोकरीच्या कापडाचा गरम शेक देऊन स्नायू मोकळे करीत आणि मग हळूहळू हालचाल शिकवीत. आपल्या देशात त्यांना प्रखर विरोध झाला. १९४० मध्ये त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथील डॉक्टरांनी त्यांची पद्धत पाहून प्लास्टर सोडले. त्यांच्या साऱ्या सिद्धान्तांना पुढे शास्त्राने मान्यता दिली असे नाही. तरीही परिचारिका बोलते आणि शल्यविशारद ऐकतो, हा प्रकार तेव्हा नवाच होता. आणि खरे सांगावयाचे तर आजही तो फार जुना झालेला नाही.

चौपाटीच्या दवाखान्यानंतर थोड्याच वर्षांत परळला आणखी एक पाऊल पडले. कमला निंबकर या मूळच्या अमेरिकन, माहेरचे नाव एलिझाबेथ लुंडी. विवाहानंतर १९३० साली त्या हिंदुस्थानात आल्या आणि येथल्याच झाल्या. मध्यंतरी अमेरिकेत जाऊन त्यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले आणि १९५० मध्ये के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. आशिया खंडात अशी शाळा पूर्वी नव्हती. व्यवसायोपचार म्हणजे रोग्याला वेळ घालविण्यासाठी टोपल्या विणावयास देणे, असा समज पुष्कळांचा असतो. खरा हेतू वेगळा आहे. अर्धांगवायूने उजवा हात गेलेल्या बाईला डाव्या हाताने भाकरी थापता यावी, बोटे तुटलेल्या कामगाराला पुन्हा यंत्रापाशी उभे राहता यावे, यासाठी ज्या त्या माणसाचे रोजचे काम हेच औषध म्हणून वापरणे, हे त्याचे सूत्र होय. गिरणगावच्या मध्यावर असलेल्या रुग्णालयात हे शास्त्र आले, याचे महत्त्व सांगावयास नको. १९५२ साली व्यवसायोपचारतज्ज्ञांचा जागतिक महासंघ दहा देशांनी मिळून स्थापन केला, त्या दहांत भारत होता. जवळपास त्याच काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने के. ई. एम. मध्ये भौतिकोपचाराचीही शाळा निघाली. तिकडे हाफकिनच्या आवारात १९४९ पासून पोलिओच्या विषाणूचे संशोधन चालू होते. म्हणजे एकट्या परळमध्ये विषाणू पाहणारे, पाय कापून जोडणारे, पाय चालविणारे आणि हात कामास लावणारे, असे सारे पायी दहा मिनिटांच्या अंतरावर आले.

१९५५ साली संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने हाजीअली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था सुरू झाली. डॉक्टर, भौतिकोपचार, व्यवसायोपचार, कृत्रिम अवयवांची कार्यशाळा, वाचोपचार, समाजसेवा, व्यवसाय मार्गदर्शन असे सारे विभाग एका छपराखाली आणण्याची कल्पना येथे सरकारी पातळीवर स्वीकारली गेली. आपण कधी महालक्ष्मी स्थानकावरून हाजीअलीकडे चालत गेला असाल तर ही इमारत पाहिली असेल. समुद्रातल्या दर्ग्याकडे पाहात आपण पुढे जातो. या बाजूला मान क्वचितच वळते.

इतके होऊनही एक खंत नोंदविली पाहिजे. शाळा निघाल्या, पण त्या एकमेकींपासून दूर दूर निघाल्या. १९५४ मध्ये टाटा संस्था देवनारला गेली. तेथे तिला मोकळी जागा मिळाली, तिचा विस्तार झाला, १९६४ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आणि तिचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी शहरातील रुग्णालयांत येत राहिले, हेही खरे. तरी नागपाड्याच्या गल्लीतून चालत जे. जे. त जाणे आणि देवनारहून दोन गाड्या बदलून येणे, यांत फरक पडतोच. परिचारिकांची वसतिगृहे वेगळी, त्यांच्या परीक्षा वेगळ्या. वैद्यकीय विद्यार्थ्याने शरीररचना शिकताना शेजारच्या इमारतीत भौतिकोपचाराचे विद्यार्थी तेच हाड हातात घेऊन तेच नाव पाठ करीत आहेत, हे त्याला ठाऊक असे, पण दोघांची ओळख होई ती नोकरीला लागल्यावर, आणि बहुधा कोणाची चूक झाली हे ठरविण्याच्या निमित्ताने. अनेक रुग्णालयांत समाजसेवकाचे टेबल जिन्याखाली असे आणि त्याच्याकडे माणूस पाठविला जाई तो औषधाचे पैसे नाहीत म्हणून. बालमार्गदर्शन चिकित्सालयातील ते एक टेबल मोठ्या रुग्णालयांच्या गर्दीत टिकले नाही. याचा दोष कोणा एकाचा नाही. हजारो बाह्यरुग्ण रांगेत असताना पाच माणसांनी एका रोग्यावर अर्धा तास बोलणे, ही चैन वाटते. मात्र तीन महिन्यांनी परत आलेल्या त्या लालबागच्या मुलाचा खर्च या हिशेबात कोणी धरीत नाही.

मार्च २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा मंजूर केला. भौतिकोपचार, व्यवसायोपचार, वैद्यकीय समाजकार्य अशा अनेक व्यवसायांना त्यात नावानिशी स्थान मिळाले आहे. आपल्या घरातील हुशार मुलगा किंवा मुलगी डॉक्टर झाली नाही तर सारे संपले, असे मानणाऱ्या पालकांनी ही यादी एकदा अवश्य नजरेखालून घालावी. फातिमाबाईंच्या दवाखान्याला त्या यादीतील प्रत्येक व्यवसायाची गरज होती, आणि त्या काळी त्यांतील बहुतेकांसाठी माणसे मिळत नव्हती.

पोलिओपुरते सांगावयाचे तर लसीने बाजी मारली. १९९५ साली देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. काही वस्त्यांत पुन्हा दरवाजे बंद झाले, पुन्हा अफवा उठल्या. पण या वेळी मदनपुऱ्याची पुनरावृत्ती झाली नाही. लसीचा डबा घेऊन जाणारीबरोबर वस्तीतीलच बाई होती आणि अनेक ठिकाणी मशिदींतून आवाहने झाली. जानेवारी २०११ मध्ये देशातील नैसर्गिक पोलिओची शेवटची नोंद पश्चिम बंगालात झाली आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. हाजीअलीच्या मुलांच्या रुग्णालयात पोलिओची लहान मुले येईनाशी झाली. २०१७ साली तेथे बालकांच्या सर्व विकारांसाठी नवे मोठे रुग्णालय उभे राहिले.

मात्र १९५० ते १९८० या काळात ज्यांना पोलिओ झाला ती मुले आता मध्यमवयीन किंवा वृद्ध झाली आहेत. आयुष्यभर जादा भार वाहिलेले त्यांचे चांगले स्नायू उतारवयात पुन्हा दुबळे होऊ लागतात, सांधे दुखतात, थोड्या श्रमाने थकवा येतो. वैद्यकशास्त्र याला पोलिओपश्चात विकार म्हणते. कालपर्यंत कुबडीशिवाय चालणारा माणूस पुन्हा कॅलिपर मागतो. आता ते हलक्या प्लास्टिकचे मिळते. त्याचे माप घ्यावयाचे, स्नायूंचा तक्ता शून्य ते पाच असा पुन्हा भरावयाचा, आणि उद्वाहन नसलेल्या जुन्या चाळीत हा वृद्ध तिसऱ्या मजल्यावर कसा चढतो, हे कोणीतरी जाऊन पाहून यावयाचे आहे.